सर्व्हरचा प्रोसेसर अचानक मंदावला, तर नवा घेण्याआधी त्याचा खरा वेग मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातील एका पतसंस्थेत संगणकाचे काम पाहणारे सहकारी लिहितात की, मुख्य कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवर, ज्यात झिऑन ई५-२६२० व्ही४ जातीचे दोन प्रोसेसर आणि ६४ जीबी मेमरी आहे, डे-एंडची, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याची, प्रक्रिया पूर्वी साधारण ४० मिनिटांत उरकत असे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून तिला १ तास ४० मिनिटे लागत आहेत. दिवसाही काउंटरवर खातेउतारा निघायला वेळ लागतो आणि सभासद ताटकळतात. डिस्क ठीक आहे, मेमरी निम्मी मोकळी आहे, सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदललेले नाही आणि ‘टॉप’मध्ये, म्हणजे चालू कामे दाखवणाऱ्या आज्ञेत, डे-एंडची प्रोसेस सतत १०० टक्क्यांवर दिसते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचे म्हणणे असे की, मार्चअखेरीनंतर डेटा वाढला आहे, तेव्हा आता नवा सर्व्हर घ्यावा. हा विषय संचालक मंडळाच्या बैठकीत जाण्यापूर्वी त्यांना खरे कारण हवे आहे. शेवटी त्यांनी सहज म्हणून एक ओळ लिहिली आहे: मार्चमध्ये यूपीएस बदलला.

मी छत्रपती संभाजीनगरला राहून जालना, बीड, परभणी आणि लातूर या पट्ट्यात गेली अनेक वर्षे सर्व्हरच्या देखभालीचे काम करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या सर्व्हरचा ठराव तूर्त थांबवावा. आपण दिलेल्या दोनच आकड्यांत बराच अर्थ आहे. ४० मिनिटांची १०० मिनिटे झाली, म्हणजे काम बरोबर अडीच पटीने मंदावले. डेटा वाढल्यामुळे येणारी मंदी अशी एका आठवड्यात येत नाही. ती महिन्यागणिक चढत जाते, आणि मुख्य तक्त्यांतील नोंदींची संख्या मोजली तर ती वाढ डोळ्यांना दिसते. आता आपल्या प्रोसेसरचे आकडे पाहा. त्याचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आहे, एखाददुसराच कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) कामात असेल तेव्हा टर्बोमुळे, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याच्या सोयीमुळे, तो ३.० पर्यंत चढतो, आणि त्याची किमान पायरी १.२ गिगाहर्ट्झ आहे. ३.० ला १.२ ने भागल्यास उत्तर अडीच येते. हा योगायोग असू शकतो, परंतु मी आपल्या जागी असतो तर सर्वप्रथम हीच, प्रोसेसर किमान पायरीवर अडकल्याची, शंका तपासली असती.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण निम्मे लोक याच ठिकाणी वाट चुकतात. ‘टॉप’मधील १०० टक्के हा आकडा प्रोसेसर किती वेळ कामात गुंतलेला होता एवढेच सांगतो, त्या वेळात तो किती वेगाने धावत होता, हे तो सांगत नाही. मोटेला जुंपलेली बैलजोडी दिवसभर चालत होती हे खरे असले, तरी ती भरभर चालत होती की पाय ओढत होती हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे १.२ गिगाहर्ट्झवर अडकलेला प्रोसेसर आणि ३.० वर धावणारा प्रोसेसर हे दोघेही ‘टॉप’मध्ये सारखेच १०० टक्के दिसतात. लोड ॲव्हरेजचेही, म्हणजे रांगेतील कामांच्या सरासरी आकड्याचेही, तसेच आहे. लिनक्समध्ये त्या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेसबरोबरच डिस्ककडे अडकून पडलेल्या, ‘डी’ अवस्थेतील प्रोसेसही मोजल्या जातात, म्हणून केवळ लोड वाढला यावरून प्रोसेसर कमी पडतो असा निष्कर्ष काढू नये.

खरा वेग मोजण्यासाठी मी जी चाचणी वापरतो ती फार साधी आहे आणि तिला काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. डे-एंड चालू नसताना ‘डीडी’ या आज्ञेने नुसती शून्ये पुरवणाऱ्या ‘डेव्ह-झीरो’मधून १ एमबीचे १,०२४ ठोकळे वाचावेत, ते पाइपने ‘एमडी५सम’कडे पाठवावेत आणि सगळ्यापुढे ‘टाइम’ लावून किती सेकंद लागले ते पाहावे. एमडी५ची, म्हणजे डेटाचा छोटा ठसा काढण्याची, गणिते एकामागून एक, साखळीसारखी होतात. मागची पायरी संपल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. डिस्कचा त्यात संबंध येत नाही, मेमरीचा जवळजवळ येत नाही, अधिक कोअर असल्याचा फायदाही मिळत नाही. म्हणून लागणारा वेळ जवळपास सर्वस्वी एका कोअरच्या क्लॉकवर, म्हणजे वेगावर, अवलंबून राहतो. आपल्या पिढीचा झिऑन ३ गिगाहर्ट्झच्या आसपास धावत असेल, तर हे काम साधारण दोन सेकंदांत होते, १.२ वर अडकला असेल, तर साडेचार ते पाच सेकंद लागतात. चाचणी तीनदा घ्यावी, आणि विशेष म्हणजे एकदा सकाळी सहाच्या सुमारास व एकदा दुपारी तीनच्या सुमारास घ्यावी. या दोन वेळा का सुचवतो ते पुढे स्पष्ट होईल.

यानंतर प्रत्यक्ष क्लॉक वाचावा. ‘प्रॉक-सीपीयूइन्फो’मध्ये मॉडेलच्या नावापुढे २.१० गिगाहर्ट्झ असे छापलेले असते. ते केवळ नाव आहे, मोजमाप नव्हे, आणि ते वाचून ‘आमचा वेग बरोबर आहे’ असे सांगणारे अनेक जण मला भेटले आहेत. भरवशाचे साधन म्हणजे ‘टर्बोस्टॅट’. कोअर कामात असतानाचा सरासरी मेगाहर्ट्झ, कोअरचे व संपूर्ण पॅकेजचे तापमान आणि पॅकेज किती वॅट खात आहे, हे सगळे ते एका तक्त्यात दाखवते. ते नसेल तर वरची एमडी५ची चाचणी ‘परफ स्टॅट’खाली चालवावी, ‘सायकल्स’च्या, म्हणजे क्लॉकच्या ठोक्यांच्या, ओळीपुढे गिगाहर्ट्झचा आकडा आपोआप येतो. कोअर पूर्ण कामात असताना हा आकडा २.१ च्या खाली असेल, तर सॉफ्टवेअर, डेटा आणि इंडेक्स यांची चर्चा तिथेच बाजूला ठेवावी, कारण प्रोसेसरच आखडलेला आहे.

मग पुढचा प्रश्न एकच उरतो: प्रोसेसर गरम होऊन मंदावला आहे, की थंड असूनही मंदावला आहे?

आधी गरम असण्याची बाजू पाहू, कारण आपल्या भागात एप्रिल म्हणजे उन्हाळ्याचे तोंड आणि दुपारी पारा ४० च्या पुढे जाण्याचे दिवस. इंटेलचे बहुतेक सर्व्हर प्रोसेसर साधारण ८० ते १०० अंशांच्या दरम्यान, मॉडेलनुसार ठरलेल्या मर्यादेला पोहोचले की स्वतःचा क्लॉक खाली आणतात. असे किती वेळा घडले याची मोजदाद लिनक्स ठेवतो. ‘सिस’ फाइलसिस्टममध्ये प्रत्येक सीपीयूखाली ‘थर्मल-थ्रॉटल’ नावाची फोल्डर असते आणि तिच्यात कोअरचा व पॅकेजचा असे दोन आकडे असतात. ते शून्य असतील तर उत्तम. दर मिनिटाला वाढत असतील तर दोष थंड करणाऱ्या व्यवस्थेत आहे. उष्णतेमुळे येणाऱ्या मंदीची आणखी एक खूण अशी की ती दिवसभर सारखी नसते. सकाळी सहाला एमडी५ दोन सेकंदांत होते आणि दुपारी तीनला तीनच्या पुढे जाते.

परभणी जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये मला अशाच तक्रारीसाठी बोलावले होते. ऐन हंगाम होता, वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि पावती निघायला मिनिटभर लागत होते. सर्व्हर काट्याच्या खोलीत, पत्र्याखाली, टेबलाच्या पायाशी ठेवलेला. झाकण काढले तेव्हा वरून सगळे स्वच्छ दिसले, पंखेही फिरत होते. परंतु हवेची प्लास्टिकची नळी, म्हणजे पंख्यांकडून प्रोसेसरकडे वारा नेणारे आवरण, उचलल्यावर पहिल्या हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, तोंडावर रुईचा एक सलग थर बसलेला दिसला. गोधडीतला जुना कापूस दाबून बसतो तसा तो दबला होता आणि काळ्या मातीच्या धुळीने करडा झाला होता. नखाने टोक उचलले तर तो कापडाच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. त्याच्या मागच्या पात्या चकचकीत कोऱ्या होत्या, कारण तिथवर वाराच पोहोचत नव्हता. तो थर काढला, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट बदलली आणि पॅकेजचे तापमान ९० च्या घरातून साठीत आले. पावती पूर्वीसारखी निघू लागली.

सांगण्याचा हेतू हा की, जाळी स्वच्छ आहे आणि पंखे फिरत आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. आवरण उचलून हीटसिंकची हवा येणारी बाजू डोळ्यांनी पाहावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने पंखा सुसाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते आणि मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाला धोका पोहोचवू शकते. खोलीचे तापमान मोजताना भिंतीवरच्या एसीचा आकडा पाहू नये. सर्व्हरच्या पुढच्या जाळीपाशी, जिथून तो हवा आत घेतो, तिथे मोजावे. डेटा सेंटरसाठी मानके ठरवणारी ॲश्रे ही संस्था तिथे १८ ते २७ अंश असावेत अशी शिफारस करते, आणि पुष्कळ सर्व्हर ३५ अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, त्यामुळे खोलीत २६ अंश असताना जाळीपाशी ३८ असणे मी पाहिले आहे.

आता दुसरी बाजू, जी मला आपल्या प्रकरणात अधिक संभाव्य वाटते. प्रोसेसर ४५-५० अंशांवर, म्हणजे अगदी आरामात आहे, थर्मलचे आकडे शून्य आहेत, तरीही काम करताना क्लॉक १.२ गिगाहर्ट्झवरून हलत नाही, आणि सकाळ असो वा दुपार, एमडी५ला लागणारी सेकंदे तीच राहतात. असे असल्यास प्रोसेसरला बाहेरून कुणीतरी ‘सावकाश चाल’ असे सांगत आहे. प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’ नावाची एक पिन असते. नावाप्रमाणे ती उष्णतेसाठी असली, तरी ती दोन्ही दिशांनी चालते: प्रोसेसर तिच्यावरून आपण तापल्याचे कळवतो, आणि बोर्डावरील इतर भागही तीच पिन ओढून प्रोसेसरला वेग कमी करायला लावू शकतात. पॉवर सप्लाय आजारी पडला, दोनपैकी एक बंद पडला, किंवा बोर्डावरील व्होल्टेज रेग्युलेटर तापला, की अनेक सर्व्हर हाच मार्ग वापरतात. ही रचना सदोष नाही. उरलेल्या एका पॉवर सप्लायवर सगळा भार पडून सर्व्हर धाडकन बंद होण्यापेक्षा तो हळू चाललेला बरा, असा त्यामागचा विचार आहे.

जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात हे मी जवळून पाहिले. तिथे तीन आठवडे सॉफ्टवेअर तपासले जात होते. डेटाबेसचे इंडेक्स दोनदा नव्याने बांधून झाले होते. सर्व्हरच्या मागे वाकून पाहिले तेव्हा दोन पॉवर सप्लायपैकी डावीकडच्यावर हिरवा दिवा होता आणि उजवीकडच्यावर पिवळा दिवा संथपणे लुकलुकत होता. त्याची वायर सर्व्हरच्या बाजूने घट्ट बसलेली होती, म्हणून आधीच्या कुणाला शंका आली नाही. दुसरे टोक कुठे जाते हे तिथल्या शिपाईमामांनी सांगितले: नव्या यूपीएसवर सॉकेट कमी पडले, म्हणून ती वायर साध्या बोर्डात घातली होती, आणि त्या बोर्डाचे बटण संध्याकाळी कार्यालय बंद करताना बंद केले जाई. पुढे ते सुरू करायचे राहूनच गेले. मॅनेजमेंट कार्डाच्या, म्हणजे सर्व्हरवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणाऱ्या भागाच्या, नोंदवहीत ‘पॉवर सप्लायचा आधार गेला’ अशी नोंद तारीख-वेळेसह होती आणि तक्रार त्याच दिवसापासूनची होती. बटण दाबले, पिवळा दिवा हिरवा झाला, आणि ‘टर्बोस्टॅट’मधला आकडा सर्व्हर रीस्टार्ट न करताच वर चढला. प्रत्येक सर्व्हरवर तो लगेच चढेलच असे नाही; काहींना पूर्ण बंद करून, दोन्ही वायरी काढून, मिनिटभर थांबूनच सुरू करावे लागते.

म्हणूनच आपली यूपीएसविषयीची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘आयपीएमआयटूल’ वापरून किंवा सर्व्हरच्या मॅनेजमेंट कार्डाच्या वेबपानावरून एसईएल ही घटनांची नोंदवही उघडावी आणि यूपीएस बदलल्याच्या तारखेभोवतीच्या नोंदी वाचाव्यात. पॉवर सप्लायची स्थिती, पंख्यांचे फेरे आणि आत येणाऱ्या विजेचे व्होल्टेज हेही तिथेच दिसते. व्होल्टेजकडे मुद्दाम लक्ष द्यावे. अनेक सर्व्हर पॉवर सप्लाय २०० ते २४० व्होल्टवर जेवढे वॅट देतात, तेवढे १०० ते १२० व्होल्टच्या पट्ट्यात देत नाहीत, आणि आपल्याकडे फीडरच्या टोकाला उन्हाळ्यात व्होल्टेज बरेच खाली येते. यूपीएसने ते सावरायला हवे. पण नवा यूपीएस बायपासवर ठेवलेला असेल, तर बाहेरचे व्होल्टेज जसेच्या तसे आत जाते. यूपीएसच्या पॅनेलवर हे एका नजरेत कळते.

पॉवर सप्लाय दोन्ही हिरवे आणि नोंदवही स्वच्छ असेल, तर बायॉसमधील, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधील, पॉवर प्रोफाइल पाहावे. लांबलेल्या वीजबंदीनंतर, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असल्यास, काही बोर्ड मूळ सेटिंगवर परत जातात आणि कामगिरीसाठी निवडलेले प्रोफाइल जाऊन वीज वाचवणारे येते. घड्याळ चुकलेले असणे ही त्याची सोबतची खूण. मॅनेजमेंट कार्डात कुणी वॅटची मर्यादा घातली आहे का तेही तिथेच तपासावे. लिनक्सच्या बाजूने ‘सीपीयूपॉवर’ ही आज्ञा सध्याचा गव्हर्नर, म्हणजे वेग ठरवण्याचे धोरण, दाखवते. येथे एक सूक्ष्म बाब आहे: ‘इंटेल पी-स्टेट’ हा ड्रायव्हर असताना ‘पॉवरसेव्ह’ असे नाव दिसले म्हणून घाबरू नये, कारण तो भार वाढला की वेगही वाढवतो, जुन्या ‘एसीपीआय’ ड्रायव्हरखाली मात्र त्याच नावाचा गव्हर्नर प्रोसेसरला किमान वेगावरच धरून ठेवतो. आणि ‘सीपीयूपॉवर’ कोणताच ड्रायव्हर दाखवत नसेल, तर वेगाची सूत्रे बायॉसच्या हाती आहेत, असे समजावे.

समजा क्लॉक अगदी योग्य निघाला, तर माझा अंदाज चुकला आणि शोध पुन्हा सॉफ्टवेअरकडे वळवावा लागेल. तिथे मी ‘टॉप’च्या वरच्या ओळीतील विभागणीपासून सुरुवात करतो. सर्व्हर व्हर्च्युअल असेल आणि ‘एसटी’चा आकडा मोठा असेल, तर आपला वेळ त्याच यंत्रावरील दुसरे पाहुणे नेत आहेत. क्लाउडवरील स्वस्त यंत्रांना तर वेगाचे क्रेडिटच मोजून मिळते. ॲमेझॉनच्या टी२-मायक्रोचे क्रेडिट संपले की तो एका कोअरच्या १० टक्क्यांवर येतो. डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंदिस्त कप्प्यात, काम चालत असेल, तर सीग्रुपच्या (त्या कप्प्याला प्रोसेसरचा वाटा ठरवून देणाऱ्या सोयीच्या) ‘सीपीयू-स्टॅट’ फाइलमध्ये किती वेळा लगाम लागला याचा आकडा मिळतो. ‘एसवाय’, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) घेतलेला वेळ, विनाकारण जास्त असेल, तर क्लॉकसोर्स, म्हणजे वेळ वाचण्याचे साधन, पाहावा. कर्नलने ‘टीएससी’ या जलद घड्याळाला अविश्वसनीय ठरवून ‘एचपीईटी’ हे संथ घड्याळ घेतले असेल, तर प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का मारणारी प्रक्रिया त्यातच झिजते. मेमरीची एखादी पट्टी दोषी असून तिच्या चुका पुन्हापुन्हा दुरुस्त होत असतील, तर त्याच्या नोंदी एसईएलमध्ये सापडतात. आणि रात्री, कोणीही काम करत नसताना, अनोळखी नावाची प्रोसेस सर्व कोअर व्यापत असेल, तर तो बहुधा घुसवलेला क्रिप्टो मायनर, म्हणजे आपल्या यंत्रावर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारा प्रोग्रॅम, आहे. तो प्रश्न वेगाचा राहत नाही, सभासदांच्या पैशांच्या सुरक्षिततेचा होतो, आणि त्यासाठी सर्व्हर तत्काळ नेटवर्कपासून अलग करावा.

एक गोष्ट मात्र कृपया करू नका. ‘प्रॉकहॉट’चा बाहेरून येणारा संकेत प्रोसेसरच्या रजिस्टरमधील एक बिट बदलून दुर्लक्षित करता येतो, आणि तसा सल्ला आपल्याला कुणीतरी नक्की देईल. वेग क्षणात परत येतो हे खरे आहे. परंतु व्होल्टेज रेग्युलेटर किंवा पॉवर सप्लाय खरोखरच आजारी असेल, तर डे-एंडच्या मध्यावर, व्याज निम्म्या खात्यांना जमा झालेले असताना, सर्व्हर बंद पडेल. सभासदांची ठेव ज्या यंत्रावर मोजली जाते, त्यावर मी हा प्रयोग होऊ देणार नाही. दोन्ही पॉवर सप्लाय चांगले असूनही संकेत जात नसेल, तर तात्पुरते १.२ गिगाहर्ट्झवर काम चालू द्यावे, पॉवर सप्लाय एकेक करून बदलून पाहावा, आणि त्यानेही फरक पडला नाही तर मदरबोर्ड बदलून घ्यावा. त्याचा खर्च नव्या सर्व्हरपेक्षा बराच कमी येतो.

काम शनिवारी डे-एंड आटोपल्यावर, बॅकअप घेऊन आणि तो उघडतो याची खात्री करूनच हाती घ्यावे. त्याआधी, सर्व्हरला हात न लावता मिळणारी माहिती मला कळवावी: सकाळची व दुपारची एमडी५ची सेकंदे, एक कोअर कामात असतानाचे ‘टर्बोस्टॅट’चे मेगाहर्ट्झ आणि तापमान, मार्चपासूनच्या एसईएलच्या नोंदी, आणि सर्व्हरच्या मागच्या दोन्ही पॉवर सप्लायवरील दिव्यांचा रंग. शेवटची गोष्ट आपण हे वाचून संपवताच जाऊन पाहू शकता. तिथून निघणाऱ्या दोन्ही वायरी कोणत्या सॉकेटपर्यंत जातात तेही हाताने चाचपून पाहावे.